वाकड्या पट्टीचा छडा

"परत वाकडी!" मावशीनं शिंगाची पट्टी टेबलावर आपटली. "तिसरी! माझा हातच गेला आता. धनुष्यं करणं बंद!"

बिट्टीनं ती पट्टी उचलली. ती, तिचा लंबूदादा आणि मावसभाऊ प्रश्न्या सुट्टीत मावशीच्या कारखान्यात आले होते ते धनुष्यं कशी होतात ते बघायला, बंद पडताना बघायला नव्हे! त्यात रविवारी स्पर्धेत उतरणाऱ्या एका मुलीचं धनुष्य अर्धंच झालं होतं, आणि शिंगांची एकच जोडी उरली होती.

"मावशी, नक्की करायचं काय असतं?" प्रश्न्यानं विचारलं.

"म्हशीचं शिंग उभं चिरायचं, उकळत्या पाण्यात मऊ करायचं आणि गरम असतानाच दोन सपाट लोखंडी पाट्यांमध्ये घालून चार शिकंज्यांनी, म्हणजे मुठीच्या पेचानं आवळायच्या पकडींनी, घट्ट करायचं. पार गार होईपर्यंत हात लावायचा नाही. मधेच सैल झालं, की ते मूळच्या वळणावर जातं. तशी पट्टी लाकडाला चिकटवली, तर ओढताना धनुष्य फुटेल, पोरीच्या तोंडावर!"

बिट्टी पट्टी डोळ्यासमोर धरून बघत होती. अर्धी सरळ, अर्धी वाकडी. तिन्ही पट्ट्यांचं तेच!

"मावशीचा हात गेला असता तर सगळी पट्टी वाकली असती," ती दोघांना बाहेर ओढून म्हणाली. "एका टोकाचे दोन शिकंजे कुणीतरी सोडतंय!"

"भूत?" प्रश्न्याचे डोळे विस्फारले.

"भुताला शिकंजे कशाला लागतात रे, शहाण्या?" लंबूदादा हसला.

दुसऱ्या दिवशी तिघांनी 'सरावासाठी' शिंगाचा एक टाकाऊ तुकडा मागून घेतला. मावशीनं तो उकळून पाट्यांमध्ये आवळून दिला. ती जेवायला निघताच लंबूदादानं पातेल्याच्या बुडाची काजळी चारही शिकंज्यांच्या मुठींना फासली.

दुपारी चहाला शेजारचे सुतारकाका आले. "काय, झाली का पट्टी सरळ?" म्हणत त्यांनी नाक खाजवलं. नाक काळंकुट्ट!

प्रश्न्याला हसू आवरेना. बिट्टीनं मात्र सरळच विचारलं, "काका, आमचे शिकंजे कशाला नेलेत?"

काकांनी तळहात बघितले आणि ते ओशाळले. "अगं, खुर्च्यांचे पाय चिकटवायला. तासाभराचं तर काम! परत आणून होते तस्से घट्ट लावतो. म्हटलं, लोखंडाचं काय झिजतंय!"

"आणि मी तीन दिवस माझ्याच हाताला दोष देतेय!" मावशी कडाडली.

काकांचा चेहरा पडला. "चुकलंच माझं. मला खरंच ठाऊक नव्हतं."

शेवटची जोडी आवळली, तेव्हा काका स्वतःच दाराशी स्टूल टाकून पहाऱ्याला बसले. प्रश्न्यालासुद्धा आत सोडेनात!

दुसऱ्या दिवशी मावशीनं एकेक शिकंजा सोडला. तिघं टेबलावर वाकून बघत होती. दोन्ही पट्ट्या टेबलावर अशा बसल्या, की खालून कागदही सरकेना!

"शाब्बास, पोरांनो!" काका ओरडले.

मावशी बराच वेळ पट्टीवरून बोटं फिरवत राहिली. मग तिनं बिट्टीला जवळ ओढलं. "मी वाकडी पट्टी बघून रडत बसले, तू नीट बघितलंस. नवी शिंगं आली, की पहिलं तू चिरायचंस. करवत मी धरून दाखवीन."