रिकाम्या खोलीतला दिवा

मीटरवाल्याने उभा जन्म लोकांच्या घरची वीज मोजली, पण स्वतःच्या घरात साधं बटण बंद करणं काही त्याला जमलं नाही. ते काम बायकोचं. तो खोलीतून बाहेर पडला की ती मागोमाग हजर. खट् करून दिवा बंद, आणि वर टोमणा ठरलेला: रिकाम्या खोलीला कशाला हवाय उजेड?

ती गेली त्याला दोन महिने झाले.

तिसऱ्याच आठवड्यात तो बाथरूममधून बाहेर आला, सवयीने दिवा तसाच ठेवून. पाठीमागे खट् झालं. बटण सैल झालं असेल म्हणून त्याने वायरमनला बोलावलं. नोकरीच विजेत गेलेली. भुताखेतांवर विश्वास ठेवायला तो काही दूधखुळा नव्हता. वायरमनने एकेक बटण उघडून पाहिलं आणि सगळं ठणठणीत आहे म्हणून सांगून गेला. त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातला दिवा गेला. बटण वर केलेलं होतं.

मग मात्र स्वारी भ्यायचं सोडून लाडावलीच. मुद्दाम दिवे चालू ठेवायचे, दाराआड उभं राहून कान द्यायचा. खट् झालं की घास गोड लागायचा. मुलगी फोनवर सारखी म्हणे, बाबा, एकटे राहू नका, माझ्याकडे या. तो हसून उडवून लावी. एकटा होताच कुठे तो!

एका संध्याकाळी तो खुर्चीत पेपर वाचत बसला होता. डोक्यावरचा दिवा खट्कन गेला.

"अगं, मी आहे ना इथे," तो हसत म्हणाला आणि उठून त्याने दिवा लावला. बसतो न बसतो तोच पुन्हा बंद.

"मी बसलोय इथे. दिसत नाही का तुला?"

पेपर हातातच राहिला. तिने रागवावं, टोमणा मारावा, काहीही चाललं असतं.

स्वयंपाकघरात फ्रिजची घरघर थांबली.

फ्रिज ती एरवी कधी बंद करत नसे. दोघं मिळून महिनाभर बाहेर जायचे, घर अगदी रिकामं ठेवायचं असलं, तरच.

पंखा मंदावत थांबला. मीटरखालचा मेन स्विच कुणीतरी खाली ओढला होता.

तो धडपडत दाराकडे निघाला. "थांब. मला घेऊन जा."

बाहेरून कडी लागली. मग कुलूप.

आणि ते नीट लागलंय ना, हे बघायला कुणीतरी ते दोनदा ओढून पाहिलं.