तीन पाण्यांतून काढलेला टॉवेल

स्वच्छ धुतलेला कपडा परत दिल्याबद्दल लाँड्रीवाल्याने आयुष्यात पहिल्यांदाच बोलणी खाल्ली, ती एका सोमवारी सकाळी. दुकान नुकतंच उघडलं होतं. इस्त्रीसुद्धा अजून नीट तापली नव्हती.

"हे काय आहे?" तिने आपला गठ्ठा काउंटरवरच सोडला होता आणि त्यातला एक टॉवेल त्याच्यापुढे आपटला होता.

"टॉवेल," तो म्हणाला. मग जरा ऐटीत, "ओळखू येत नाही ना? तीन पाण्यांतून काढला. तुमच्याकडून आला तेव्हा राखाडी होता, मॅडम. मुळात पांढरा आहे हे मलाही दुसऱ्या पाण्यानंतर कळलं."

"तो धुवायचा नव्हता."

"लाँड्रीत दिलेला कपडा...?"

"चुकून आला पिशवीत. त्याला वास होता."

"होता की! म्हणून तर मी—"

"त्याच्या आईचा वास होता तो!"

समोरची बाई गेले सात महिने दर शनिवारी सहा ॲप्रन टाकून जायची आणि 'सोमवारी मिळतील का' याशिवाय चकार शब्द बोलायची नाही. तिचे डोळे आज भरून आले होते.

"कोणाच्या आईचा?" त्याने हळूच विचारलं.

"कुत्र्याच्या."

झालं होतं ते असं. ती कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर लोकांच्या हिरड्यांचे साचे पाठवायचे आणि ती दिवसभर गुलाबी मेण नि प्लास्टर घेऊन त्यांवर दात बसवत राहायची. दिवसाकाठी तिच्या टेबलावर दहा-बारा माणसं हसत असायची, पण त्यांतल्या एकाशीही तिची ओळख नव्हती. तिला ते बरं वाटायचं. सहा वर्षं ती एकटी राहत होती आणि कोणाची सवय लावून घ्यायची नाही हे तिने मनाशी पक्कं ठरवलं होतं. मग गेल्या आठवड्यात तिने एक पिल्लू का आणलं, हे मात्र तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं.

पिल्लू दोन महिन्यांचं होतं. अंग पांढरं आणि डाव्या डोळ्याभोवती तेवढा तपकिरी डाग. ज्या निवृत्त शिक्षिकेने ते दिलं, तिने सोबत एक कळकट टॉवेलही दिला होता. "याची आई याच्यावर झोपायची. महिनाभर तरी धुवू नका. तुमच्या घरात त्याच्या ओळखीचं दुसरं काहीच नाही," असं तिने बजावलं होतं. शुक्रवारी पिल्लू आलं आणि टॉवेलवर शहाण्यासारखं झोपलं. शनिवारी सकाळी तेच पिल्लू टॉवेल ओढत ओढत लाँड्रीच्या पिशवीत जाऊन बसलं. तिने घाईघाईत पिल्लाला बाहेर काढलं, पिशवीची गाठ मारली आणि टॉवेल गेला तो गेलाच.

शनिवारी दुपारपासून पिल्लू रडत होतं. खालच्या मजल्यावर घरमालकीण काकू राहायच्या. त्या जेवून एकला आडव्या व्हायच्या त्या तीनला उठायच्या. त्यांनी रविवारी वर येऊन शांतपणे सांगितलं होतं, "कुत्र्याशी माझं वैर नाही. पण झोपेशी माझं फार जुनं नातं आहे. येत्या रविवारपर्यंत बघते. नाहीतर ते जिथून आलं तिथे जाईल."

हे सगळं तिने लाँड्रीवाल्याला एका दमात सांगितलं आणि मग एवढं बोलल्याचं तिलाच ओशाळल्यासारखं झालं. तिने ॲप्रनचा गठ्ठा उचलला. टॉवेल तिथेच राहिला.

दुपारी एक वाजता ती पिल्लाला बघायला घरी आली, तर लाँड्रीवाला जिन्यात उभा. हातात टॉवेल.

"मला बघता येईल का... त्याला?"

पिल्लू खोक्यात बसून छताकडे तोंड करून रडत होतं. लाँड्रीवाल्याने खाली बसून त्याला उचललं, तोंडासमोर धरलं आणि अंगठा ओला करून डोळ्याभोवतीचा डाग चोळून पाहिला.

"अहो, तो जन्मापासूनचा आहे!"

"सवय हो..." तो खजील होऊन म्हणाला. "बाकी रंग पक्का बसलाय. नाव काय याचं?"

"ठेवलं नाही."

"का?"

"नाव ठेवलं की जीव लागतो. रविवारनंतर बघू."

त्याने तिच्याकडे पाहिलं. खोक्याशेजारी जमिनीवर तिची उशी आणि पांघरूण पडलेलं होतं. तिने पायानेच पांघरूण जरा मागे सरकवलं.

"माझ्या हातून झालंय," तो उठत म्हणाला. "मीच निस्तरतो. त्या शिक्षिकाबाईंचा पत्ता द्या."

मंगळवारी दुपारच्या सुट्टीत तो स्कूटरवरून गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आला. ती जेवण उरकून कामावर निघतच होती. तो जिन्याच्या तोंडाशी उभा होता, अंगात नुसता सुती शर्ट आणि स्कूटरवरच्या वाऱ्याने दात वाजत होते. थंडी चांगलीच पडली होती.

"काय झालं?"

"कडक इस्त्रीची चादर घेऊन गेलो होतो. पिल्लाच्या आईपुढे झोपायला अंथरली. तिने हुंगली, दोनदा शिंकली आणि पाठ फिरवून निघून गेली."

"साबणाचा वास."

"माझ्या दुकानात साबणाचा वास नसलेली वस्तूच नाही, मॅडम. मग मी हात टेकले. बाईंनी पाणी दिलं, म्हणून बसलो. ऊन लागत होतं म्हणून स्वेटर काढून बाजूला ठेवला... आणि पाणी पिऊन होतंय तोवर ती त्याच्यावर मुटकुळं करून झोपलीसुद्धा. आता गुरुवारी आणतो. तोवर वास चांगला मुरेल."

"म्हणजे तुमच्या स्वेटरला साबणाचा वास नाही?"

त्याचे कान लाल झाले. "गावाचे कपडे धुतो... स्वतःचा स्वेटर थंडी सुरू झाल्यापासून राहूनच गेलाय."

ती हसली. सहा वर्षांत जिन्यात उभं राहून ती कधी हसली नव्हती, त्यामुळे आवाज जरा मोठाच निघाला. खाली काकूंच्या पलंगाची कुरकुर ऐकू आली. दोघांनी एकदम ओठांवर बोट ठेवलं.

"थांबा," ती कुजबुजली. वर जाऊन तिने आपली निळी शाल आणली आणि त्याच्या हातात दिली. "घ्या. कुडकुडताय. डाग आहे एका टोकाला, मेणाचा."

"धुऊन देतो परत," तो म्हणाला. तेही सवयीनेच.

बुधवार वाईट गेला. पिल्लाने बशीतलं दूध तोंडात घेतलं नाही. काकू वर आल्या नाहीत, पण संध्याकाळी ती घरात शिरताना त्यांनी दारातून नुसतं कॅलेंडरकडे पाहिलं. रिकामं खोकं डोळ्यांपुढे येऊन तिचा जीव कासावीस झाला. नाव ठेवलं नव्हतं, त्याचा काडीचाही उपयोग झाला नव्हता.

गुरुवारी दुपारी तो स्वेटर घेऊन आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, आणि अंगावर पांढऱ्या केसांची बेगमी. खोक्यात ठेवल्याबरोबर पिल्लू थबकलं. त्याने कॉलर हुंगली, खांदा हुंगला, आपल्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, मग डोकं बाहीत खुपसलं आणि एक मोठा सुस्कारा सोडून झोपी गेलं.

खोलीत एकदम शांतता झाली. आपण लाँड्रीवाल्याचं मनगट धरून ठेवलंय, हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"आता बोलू नका," ती हळूच म्हणाली.

"मी कुठे..."

"शू."

तिने हात सोडला. त्याने तो लगेच खिशात घातला नाही.

शुक्रवारी कामावर जाता जाता ती दुकानात डोकावली.

"झोपतंय का?" त्याने इस्त्री बाजूला ठेवत विचारलं.

"घोरतंय. माझी शाल?"

"वाळायची आहे."

"मंगळवारपासून?"

"ऊन कमी आहे ना सध्या..."

बाहेर डोळे उघडवत नव्हते एवढं ऊन पडलं होतं. तिने रस्त्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. त्याने इस्त्री उचलली आणि एक आधीच इस्त्री केलेला शर्ट पुन्हा मन लावून इस्त्री करायला घेतला. दुपारी तो 'स्वेटर ठीक आहे ना' हे विचारायला आला आणि स्वेटरकडे न बघताच अर्धा तास बोलत बसला.

शनिवारी सकाळी पिल्लाने स्वेटरवर शू केली.

थोडीथोडकी नव्हे. डावी बाही पार भिजली. स्वेटर तसा ठेवला तर वासाने जीव जाईल आणि धुतला तर पिल्लू रडेल, आणि रविवार तर उद्यावर आलेला. पंधरा मिनिटं ती बादलीपुढे स्वेटर धरून उभी राहिली. शेवटी तो दोन बोटांत धरून ती दुकानात गेली. दुकानात तो नव्हता. मागच्या बाजूला पाण्याचा आवाज येत होता. तिने हाक मारायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात काउंटरच्या आतल्या कप्प्यात तिला निळा रंग दिसला.

तिची शाल. घडी केलेली. टोकावर गुलाबी मेणाचा डाग जसाच्या तसा. तो हात पुसत बाहेर आला, तेव्हा शाल तिच्या हातात होती.

"ही धुतलेली नाही."

"नाही," तो म्हणाला.

"मेणाचा डाग निघत नाही का तुम्हाला?"

"दोन मिनिटांचं काम आहे."

"मग?"

त्याने इस्त्रीकडे पाहिलं. ती बंद होती, तिचा काही आधार नव्हता.

"धुतली असती तर द्यावी लागली असती," तो म्हणाला. "आणि... तुम्ही सांगितलं होतंत ना त्या दिवशी, त्याच्या ओळखीचं घरात दुसरं काहीच नाही म्हणून. माझ्याकडे रोज शंभर कपडे येतात. येताना प्रत्येकाचा वास वेगळा असतो, जाताना सगळ्यांना एकच, साबणाचा. तो मीच लावतो. ही एक तेवढी राहू दे असं वाटलं. आवडता तुम्ही मला... आता रागवा."

ती रागावली नाही. तिने शालीवरच्या डागावरून बोट फिरवलं. आतून काहीतरी सैल होत होतं आणि ते तिला आवडत होतं. थोडी भीतीही वाटत होती.

"स्वेटरचा आईचा वास एव्हाना उडाला असेल," ती म्हणाली. "दोन दिवस झाले."

"मग पिल्लू झोपतं कशावर?"

"ते मला काय विचारता?" ती शाल घडी करून परत कप्प्यात ठेवत म्हणाली. मग खाली बघूनच, "काल संध्याकाळी मीही जाऊन बसले होते... स्वेटरजवळ. बराच वेळ."

मागे नळाचं पाणी वाहून चाललं होतं. तो बंद करायला कोणी गेलं नाही.

"फक्त डावी बाही धुवा," अखेर ती म्हणाली. "साध्या पाण्याने. साबण नको. बाकी हात लावू नका."

"एकच बाही?"

"एकच."

"असं काम मला आजवर कोणी दिलं नव्हतं," तो म्हणाला आणि स्वेटर तिच्या हातून असा घेतला, जणू आत कोणी झोपलंय.

रविवारी दुपारी तीन वाजता काकू वर आल्या. लाँड्रीवाला जमिनीवर बसला होता, थंडी होती म्हणून खांद्यावर निळी शाल, आणि एका ओल्यासुक्या बाहीच्या स्वेटरवर पिल्लू त्याच्या पायाला टेकून झोपलं होतं. ती उठून उभी राहिली. काय बोलायचं ते तिने सकाळपासून तयार करून ठेवलं होतं.

"काकू, ते परत द्यायचं असेल तर मला—"

"मला बोलू दे आधी," काकू म्हणाल्या. "गुरुवारपासून कुत्र्याचा आवाज नाही. खरं ते खरं. पण रोज दुपारी एक माणूस माझ्या जिन्यावरून वर येतो. मग इथे दोघं हसतात. मग 'शू, शू' करतात, आणि त्या शू-शूने माझी झोप मोडते."

लाँड्रीवाल्याने अंग चोरलं.

"तेव्हा पिल्लू राहू दे," काकू वळता वळता म्हणाल्या. "या माणसाचं काय ते तू ठरव." दारात त्या थांबल्या. "आणि नाव काय त्याचं? हाक मारायला काहीतरी हवं की नको?"

"डाग्या," ती म्हणाली. क्षणाचाही विचार न करता. नाव कधीचं तयार होतं.

"डाग्या," काकूंनी एकदा म्हणून पाहिलं आणि त्या जिना उतरून गेल्या.

पिल्लाने एक डोळा उघडला, तपकिरी डागातला, आणि मिटला. लाँड्रीवाला लगबगीने उठायला लागला. खांद्यावरची शाल काढत म्हणाला, "ही घ्या तुमची. उशीर झाला द्यायला. आज नेऊन धुतो, उद्या सकाळी—"

ती जवळ आली. तिने शाल त्याच्या हातातून घेतली, त्याच्या खांद्यावर परत नीट घातली आणि मेणाचा डाग असलेलं टोक पुढे ओढून त्याच्या मुठीत दिलं.

"राहू दे तुझ्याकडे," ती म्हणाली. "आणि धुवू नकोस."