येते हं

अहिल्याकाकू त्या दिवशी बागेत गेल्या त्या चंद्रशेखरकाकांचं तिथे राहिलेलं जॅकेट आणायला. निदान लेकीला, उर्वीला, त्यांनी तेवढंच सांगितलं होतं.

बाग म्हणजे ऑरेगनमधल्या आमच्या शहराच्या ऐन मध्यातली ती चिनी बाग. बाहेर बँका, ट्रॅम, पार्किंगची मारामार. आणि पांढऱ्या भिंतीच्या आत जुन्या चिनी थाटाचं तळं, कौलारू मंडप, चंद्रासारखं गोल दार आणि पाण्यावरून नागमोडी जाणारा दगडी पूल. काका रिटायर झाले आणि तिथे व्हॉलंटियर झाले. निळं जॅकेट घालून लोकांना बाग दाखवायचे. इथल्या मराठी मंडळात आम्ही त्यांची टर उडवायचो, "काका, यंदा गणपतीला पॅगोडाच करा." काका हसायचे आणि पुढच्या रविवारी परत तेच. मार्चमध्ये ते झोपेतच गेले. भला माणूस होता.

आता खरी गोष्ट. आपण घरातून निघताना "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो. आणि जिथे माणूस गेलंय तिथून निघताना तेवढं मात्र बोलत नाहीत. गुपचूप उठायचं आणि चालू लागायचं. हे कुणी शिकवावं लागत नाही. पण फ्युनरल होममध्ये काकूंनी काकांच्या झब्ब्याची कॉलर सारखी केली, पर्स खांद्याला लावली आणि रोज बाजारात निघताना म्हणायच्या तसं म्हणाल्या, "बरं, येते हं."

काकूंची मैत्रीण शोभनामावशी शेजारीच उभी होती. तिनं चटकन काकूंचा हात धरला. काकूंच्याही लक्षात आलं, पण तोंडातून गेलेला शब्द थोडाच परत येतो? त्या घरी आल्या आणि त्या दिवसापासून नीट जेवल्या नाहीत. लोक म्हणाले, दुःख आहे, व्हायचंच. दुःख तर होतंच. पण त्याच्या आत हा काटा होता, आणि तो कुणाला दाखवायची सोय नव्हती.

नोव्हेंबरात शोभनामावशी पाहुण्यांना घेऊन बागेत गेली. रात्री तिचा फोन आला. बराच वेळ ती इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "अहिल्या, रागावू नकोस… पाण्यावरच्या मंडपात कुणी बसलं होतं. पाठमोरं. मला भाऊजींसारखं वाटलं. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे…"

पुढच्याच आठवड्यात उर्वी घर रिकामं करून आईला अ‍ॅशबर्नला नेणार होती, देशाच्या दुसऱ्या टोकाला. तो माणूस आपल्या एका शब्दावर इथे बसून राहायचा आणि आपण परत यायचोच नाही, हे काकूंना सहन होईना. म्हणून त्या निघाल्या होत्या. शब्द मागे घ्यायला.

"आई, टेन मिनिट्स, ओके? इथे पार्किंग नाहीये," उर्वी म्हणाली आणि गाडीतच बसली.

बाग बंद व्हायची वेळ होत आली होती. तिकीट खिडकीतल्या मुलीनं कागदी पिशवीत घालून जॅकेट दिलं, "आय अ‍ॅम सो सॉरी" म्हणाली. नवी होती, काकांना तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. काकूंनी विचारलं, एकदा आत जाऊन येऊ का? ती हो म्हणाली.

गोल दार ओलांडलं आणि ट्रॅमचा आवाज कुणी बटण बंद करावं तसा थांबला. पाऊस उघडला होता. कौलांच्या कडेवरून थेंब तळ्यात पडत होते, एक… मग बऱ्याच वेळानं दुसरा. कमळाची सुकलेली देठं पाण्यात वाकून उभी होती. ओल्या दगडाचा वास येत होता आणि त्याच्या आडून दुसराच एक वास, गोडसर, जड. काकूंनी तो ओळखला. फ्युनरल होममधल्या पांढऱ्या लिलींचा वास होता तो. बागेत लिली नव्हत्या.

पुलावरून त्या सावकाश पलीकडे गेल्या. मंडपातल्या बाकावर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. अंगात मोतिया रंगाचा झब्बा होता. कॉलर नीट बसवलेली होती.

काकू उंबऱ्याशीच थांबल्या.

"आलीस?" तो आवाज कोरडा होता, पण त्यांचाच होता. "केवढा उशीर गं…"

"अहो…"

"येते म्हणालीस, म्हणून बसून राहिलो. इथे फार गार आहे."

काकूंना रडू कोसळलं. भीती वाटत होती, नाही कशाला म्हणू? पण त्याहून त्यांना लाज वाटत होती. मार्चपासून हा माणूस गारठ्यात बसलाय, आणि आपण घरात हीटर लावून झोपतोय.

"अहो, तुम्ही… तुम्ही गेलात हो. मार्चमध्ये."

तळ्यात एक थेंब पडला. खांदे जरासुद्धा हलले नाहीत.

"हो का…" ते म्हणाले. "मला कुणी सांगितलंच नाही."

काकूंनी पिशवीतून जॅकेट काढलं. त्यांच्या खांद्यावर घालायचं होतं, पण हात पुढे होईना, म्हणून त्यांनी ते बाकाच्या टोकाला ठेवलं.

"माझी चूक झाली. सवयीनं बोलून गेले. उर्वी मला तिच्याकडे नेतेय. आता मला इथे यायला नाही हो जमायचं. तुम्ही वाट बघू नका."

काकूंना ठाऊक होतं काय म्हणायचं ते. रात्र रात्र तोच एक शब्द त्या मनात घोकत होत्या. पण एवढ्या वर्षांच्या संसारात तो कधी उच्चारला नव्हता. शेवटी डोळे मिटून त्या म्हणाल्या,

"जाते मी."

"असं म्हणू नये गं," ते हळूच म्हणाले, अगदी मायेनं. मग बाकावर हात टेकून उठल्याचा आवाज झाला. "बरं… तू नाही येत, तर मीच येतो."

काकू वळल्या आणि चालू लागल्या. पुलावर पाऊल ठेवताना त्यांना धीर आला, कारण काका स्वतःच सगळ्यांना सांगायचे, की हा पूल मुद्दाम असा वाकडातिकडा बांधलाय. भुतंखेतं सरळ रेषेत चालतात, त्यांना वळता येत नाही. पण मेलं हे सुचायला नको होतं, कारण लगेच दुसरंही सुचलं. ज्यानं सगळ्या गावाला हा पूल फिरवून दाखवला, त्याला वळणं कोण शिकवणार?

मागून पावलं येत होती. पहिल्या वळणाशी ती थबकली, आणि काकांचा तो खास टूरचा आवाज आला, पाहुण्यांना सांगतात तसा, "इथे डावीकडे वळायचं… सांभाळून."

काकूंनी मागे पाहिलं नाही. पुढच्या वळणावर पुन्हा तेच, आणखी जवळून. "इथे उजवीकडे…"

दारात ती तिकिटावरची मुलगी उभी होती. तिनं काकूंसाठी दार धरलं. काकू फुटपाथवर आल्या तरी तिनं ते सोडलं नाही. आतल्या बाजूला बघून ती गोड हसत म्हणाली, "टेक युअर टाइम, सर."

काकू गाडीपाशी गेल्या. त्यांनी मागचं दार उघडलं, जरा वेळ तशाच थांबल्या, आणि मग ते लावून पुढे येऊन बसल्या.

"जॅकेट?" उर्वीनं विचारलं.

"राहिलं," काकू म्हणाल्या.

उर्वीनं गाडी सुरू केली. रिव्हर्स घ्यायला तिनं आरशात पाहिलं, आणि तिचा हात गिअरवरच राहिला. थोड्या वेळानं तिनं आपली सीट सावकाश पुढे सरकवली. बाबांचा गुडघा धरल्यापासून ते मागे बसले की ती असंच करायची. मग हात वर करून तिनं आरसा छताकडे वळवला आणि खांद्यावरून मागे न बघताच गाडी रस्त्यावर घेतली.