तीन निळ्या पट्ट्या

"पाचला मीटिंग हाय. माजी जागा जाईल," पुतळाबाई म्हणाली आणि समोर खुर्ची असूनही उभीच राहिली.

दीड वाजला होता. सफिया मुकादम कोपरखैरण्यातली एकुलती एक खासगी तपासनीस. तिच्या मदतीला होते कमळाकरकाका, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. मदत म्हणजे चहा सांगणं आणि पहिल्या दहा मिनिटांत कुणावर तरी संशय घेणं.

बोनकोड्याच्या एका छोट्या बाजारात पुतळाबाई तीस वर्षं कोपऱ्याच्या जागेवर मासळी विकत होती. इक्रा नावाच्या दहावीतल्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी तिथल्या पाच कोळणींची मांदेली तपासली होती. मासळी शिळी असूनही ताजी दिसावी म्हणून कुणी फॉर्मालिन लावतं का, हे पाहायचं होतं. कागदाची पट्टी माशावर फिरवायची, वर औषधाचा थेंब टाकायचा, पट्टी निळी झाली की फॉर्मालिन आहे. चौघींच्या पट्ट्या पांढऱ्या राहिल्या. पुतळाबाईची निळी झाली, आणि तीही तीन बुधवारी तीन वेळा. आता तिची जागा ठेवायची की काढून घ्यायची, हे बाजाराची समिती पाचच्या मीटिंगमध्ये ठरवणार होती.

"माज्या मावऱ्यान दवा हाय म्हनतात. मी कनाला टाकू? माजी नातवंडं तेच खातान."

एवढं बोलून तिने पदर तोंडाला लावला. सफियाने गाडीची चावी उचलली.

शाळेत इक्रा वही घेऊन आली. मुलगी प्रामाणिक होती आणि हट्टीही. चाचणी एकदा करून तिने विश्वास ठेवला नव्हता, तीनदा केली होती. बरणी उघडली की डोळे चुरचुरायचे, असंही तिने लिहून ठेवलं होतं.

"बरणी?" सफियाने विचारलं. "पाचही नमुने बरण्यांत होते?"

"नाही मॅडम. चौघींचे मी सकाळी शाळेत येताना नव्या पिशव्यांत आणायचे. पुतळामावशी बोहनीच्या आधी फुकट देत नाहीत. म्हणून त्यांचा नमुना मागून यायचा, बाजाराच्या ऑफिसातल्या बरणीतून. संध्याकाळी मी ती साबणाने घासून परत ऑफिसात ठेवायचे."

बरणी आणायची स्नेहल, पुतळाबाईच्या शेजारी बसणारी कोळीण. काकांनी डोळ्यांनीच सफियाला खूण केली.

इक्राचे विज्ञानाचे शिक्षक दिलीप सर थोडे घाबरलेले दिसले. प्रकल्प जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी निवडला गेला होता. शाळेत फॉर्मालिन आहे का, या प्रश्नावर ते म्हणाले की मागच्या महिन्यापर्यंत होतं. जुन्या प्रयोगशाळेतल्या बेडकांच्या बरण्या आणि उरलेल्या बाटल्या बाजाराचे सेक्रेटरी विपुलशेठ यांच्या टेम्पोतून भंगारात गेल्या. जाता जाता सर म्हणाले की तिसऱ्या बुधवारी स्नेहल उरणला लग्नाला गेली होती, तेव्हा बरणी ऑफिसातून घेऊन नमुना त्यांनी स्वतःच भरून आणला.

तीन वाजता ते बाजारात पोचले. स्नेहल कोळंबी सोलत होती. ती तुटकपणे बोलली. बरणी ऑफिसात बर्फ घालून तयार असायची, तिने फक्त मांदेली भरून शाळेत पोचवली. पुतळाची गिऱ्हाइकं आता तिच्याकडे येतात, हे तिने नाकारलं नाही. "पन मना ते गोड नाय लागत," एवढं म्हणून ती पुन्हा कोळंबीकडे वळली.

विपुलशेठचं ऑफिस बाजाराच्या टोकाला होतं आणि चावी त्यांच्या खिशात. ते हसून बोलले. बाजाराचं नाव खराब होतंय, त्यांना काय आनंद आहे का? कोपऱ्याच्या जागेवर मेव्हण्याचं चिकनचं दुकान येणार, ही नुसती अफवा. "आणि मॅडम, मी त्या मासळीला बोटही लावलेलं नाही. टेन्शन नका घेऊ, पाचला सगळ्यांसमोर चौथी टेस्ट होणार आहे."

बाहेर येताच काका म्हणाले, "स्नेहलच. धंदा तिचा वाढला."

"मग तिसऱ्या बुधवारी काय झालं, काका? स्नेहल नव्हती, तरी पट्टी निळीच."

सफिया दोन नव्या पिशव्या घेऊन मासळीच्या ओट्यांकडे गेली.

पाच वाजता विपुलशेठच्या ऑफिसात समितीचे पाच जण बसले. इक्रा, दिलीप सर आणि स्नेहलही आले होते. टेबलावर बर्फ घातलेली काचेची बरणी होती. पुतळाबाई दारात उभी होती, तिचा हात चौकटीवर घट्ट होता. ती नमुना देणार तोच सफियाने तिला थांबवलं आणि इक्राला पट्टी आधी बरणीतल्या पाण्यात बुडवायला सांगितली.

"मासा आलाच नाही, कसली टेस्ट?" विपुलशेठ म्हणाले. त्यांचं हसू गेलं होतं.

"म्हणूनच ही टेस्ट. टाक थेंब, इक्रा."

सगळे वाकून पाहू लागले. कडेने निळा रंग पसरत गेला.

मग इक्राने सफियाने नव्या पिशवीत आणलेली पुतळाबाईची मांदेली तपासली. पट्टी पांढरी राहिली. दुसऱ्या पिशवीतली स्नेहलची मांदेली बरणीत घालून काढली, पट्टी निळी झाली. स्नेहलने कपाळाला हात लावला.

"चाचणीत एकच गोष्ट बदलायची असते, बाकी सगळं तेच ठेवायचं," सफिया म्हणाली. "इथे कोळीण बदलली, आणि तिच्याबरोबर पिशवीच्या जागी बरणीही आली. निळी पट्टी कुणामुळे, हे कळणार कसं? नुसती बरणी कुणी तपासलीच नाही. चाचणी तीनदा झाली, म्हणजे तीच चूक तीनदा झाली. आता माणसं बघा. दोनदा स्नेहल, तिसऱ्यांदा सर. आणणारा बदलला, निकाल बदलला नाही. म्हणजे दोष आणणाऱ्यात नाही, ऑफिसातून तयार येणाऱ्या बरणीत आहे."

"जुनी बरणी असेल. चुकून राहिलं असेल," विपुलशेठ पुटपुटले.

"दर बुधवारी इक्रा ती साबणाने घासायची. तरी पुढच्या बुधवारी पट्टी तितकीच निळी. चुकून राहिलेलं धुतल्यावर जातं, शेठ. हे दर वेळी नव्याने पडत होतं, बर्फाबरोबर, या कुलूपबंद खोलीत. शाळेच्या बाटल्या तुमच्याच टेम्पोतून गेल्या. मासळीला बोट लावायची तुम्हाला गरजच नव्हती."

समितीच्या एका म्हाताऱ्या सभासदाने विपुलशेठसमोर हात पसरला आणि ऑफिसची चावी मागून घेतली. पुतळाबाईची जागा कायम राहिली.

काका खुशीत होते. पुतळाबाई मात्र हलली नाही. महिनाभर बायका तिच्या टोपलीसमोर नाक दाबून पुढे गेल्या होत्या, आणि त्यांच्यातली एकही या खोलीत नव्हती.

दिलीप सर इक्राला हळूच म्हणाले की प्रदर्शनाच्या तक्त्यावरून फक्त पुतळाबाईचं नाव काढू, प्रकल्प वाचेल. इक्राने नकारार्थी मान हलवली. तिने टेबलावरच्या कोऱ्या कागदावर काही ओळी लिहिल्या, खाली आपलं नाव घातलं आणि कागद पुतळाबाईपुढे धरला.

"मना वाचता येत नाय," पुतळाबाई म्हणाली. "भायेर चल. तिथं वाच. मोठ्यानं."

संध्याकाळच्या गिऱ्हाइकांनी बाजार भरला होता. पुतळाबाई आपल्या जागेवर बसली. इक्रा तिच्याजवळ उभी राहिली आणि वाचू लागली.

"माझी चाचणी चुकीची होती. पुतळामावशींच्या मासळीत काहीही नव्हतं."

पहिल्यांदा ते फक्त जवळच्यांनाच ऐकू गेलं. तिने पुन्हा सुरुवातीपासून, मोठ्याने वाचलं.