दोडक्याच्या मांडवाखाली

कवठे महांकाळच्या बाहेर, घरामागच्या दोडक्याच्या मांडवाखाली धनाजी खुरपत होता, तेव्हा त्याला ती फुलपाखरं पहिल्यांदा दिसली. मळकट पांढरी, पंखांच्या कडा काळसर. अशी त्यानं कधी पाहिली नव्हती. मोबाइलवर फोटो काढून त्यानं ओळखीच्या कृषी सहायकाला पाठवला. त्यालाही ओळखता आली नाहीत.

दोडक्याला फुलं होती, पण फुलपाखरं त्यांवर बसत नव्हती. सावलीत, जमिनीवर, अंगाला अंग लावून, डोकी खाली घालून उभी होती.

धनाजीनं खुरपं बाजूला ठेवलं.

महिन्यापूर्वी याच जागचं गवत खाऊन त्याच्या थोरल्या भावाची, बिराप्पाची मेंढरं धापा टाकत मेली होती. आदल्या संध्याकाळी धनाजीनं वांग्यांवर औषध मारून पंपात उरलेलं तिथं ओतलं होतं. सकाळी बिराप्पा नेहमीसारखा कळप घेऊन आला, तेव्हा धनाजी दारात चहा पीत होता. सांगायला हवं, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. पण मेंढरं गवतात शिरली होती, आणि एवढ्यानं काय होतंय म्हणून तो गप्प राहिला. आंत्रविषार, मेंढरांचा तो पोटाचा रोग, झाला असंल, असं नंतर पहिल्यांदा बोलला तोच. सगळ्यांनी तेच धरलं.

फुलपाखरं रोज येऊ लागली. धनाजी वाफ्यात चालला की फाकायची, तो पुढं गेला की पुन्हा एकवटून त्याच्या मागं सरकायची. त्यांच्या जवळ ओल्या लोकरीचा वास यायचा. एका सकाळी बांधावरचं गवत बुडापासून एकसारखं खुडलेलं दिसलं. कुणी कापलं, असं बायकोनं, मायानं विचारलं. मीच, म्हणाला तो. दुपारचं जेवण त्याला जाईना.

मग एका दुपारी बिराप्पा आला. हल्ली तो द्राक्षाच्या बागेत रोजानं जायचा, तरी काठी हातातच असायची. मांडवाखाली बघत तो बराच वेळ उभा राहिला. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"धना, हितं काय फवारलंवतंस व्हय रं?"

धनाजी खुरप्याची माती पुसू लागला.

"न्हाई दादा. कायबी न्हाई."

बिराप्पानं काठी या हातातून त्या हातात घेतली. मग कळप वळवताना काढतात तसा ओठांतून आवाज काढला.

फुलपाखरं हलली. सगळी एकदम वळली.

बिराप्पाकडं नाही. धनाजीकडं.

"माझी न्हायती ही आता," बिराप्पा हळूच म्हणाला. "तूच राख."

काठी मांडवाच्या खांबाला टेकवून तो निघून गेला. त्याला हाक मारावी, असं धनाजीला वाटलं. तोवर तो रस्त्याला लागला होता.

धनाजी मातीतच बसला. एक फुलपाखरू सरकत येऊन त्याच्या तळहातावर चढलं.

त्याचं अंग गरम होतं.

ते धापा टाकत होतं.