दोघंही वर सरकले तेव्हा

या गं पोरींनो, अशा जवळ सरका. आकाशात जुळलेल्या एका जोडीची गोष्ट सांगते. देवानं आकाश एवढं अफाट दिलं, पण माणसानं तिथेही गर्दी केलीच! घरोघरी इंटरनेट पोचवणारे हजारो उपग्रह पृथ्वीभोवती पळताहेत. त्यातल्याच एका कंपनीच्या नियंत्रण कक्षात आपली नायिका कामाला. पायाला भिंगरी, म्हणून सगळे तिला घाईताई म्हणत.

एका सकाळी पडद्यावर लाल इशारा. तिचा उपग्रह आणि दुसऱ्या कंपनीचा उपग्रह संध्याकाळी एकमेकांच्या अगदी अंगावरून जाणार होते. आदळले तर ठिकऱ्या, आणि त्या ठिकऱ्या वर्षानुवर्षं बाकीच्यांना फोडत सुटणार. तिनं त्या कंपनीच्या नियंत्रण कक्षात फोन लावला.

"बोला." आवाज जुळलेल्या तंबोऱ्यासारखा... संथ.

"तुमचा हलवता, की माझा हलवू?"

"बघतो. घाबरू नका."

"घाबरतंय कोण!"

"मग इतका श्वास का लागलाय?"

"तो मला कायमच लागलेला असतो!"

तो हसला. फोन ठेवल्यावरही ते हसू तिच्या कानात रेंगाळलं. एवढ्या गोड माणसाला कशाला त्रास? तिनं साहेबांना विचारून आपला उपग्रह थोडा वर सरकवला.

दुपारी पुन्हा लाल इशारा — आधीपेक्षा धोक्याचा!

"तुम्ही हललात?" ती ओरडलीच.

"तुम्हाला त्रास नको म्हणून... जरा वर."

"अहो, मीसुद्धा वरच!"

अरुंद बोळात समोरासमोर आलेली माणसं एकाच बाजूला सरकतात ना, अगदी तसं. उरले होते तीन तास.

"ऐका," तो म्हणाला, "एकानं हलायचं, एकानं थांबायचं. मी थांबतो. माझा उपग्रह तुमच्या भरवशावर."

तिनं आपल्या उपग्रहाला सरकायची आज्ञा पाठवली. संध्याकाळी दोघं फोन कानाला लावून पडद्याकडे बघत बसली. दोन ठिपके जवळ आले... आणखी जवळ...

"गेले?"

"गेले! सुखरूप गेले!" ती हसता हसता रडली.

"एक बोलू? उद्या पहिल्या गाडीनं तुमच्या गावी येतो."

"अगं बाई! मी तुमच्याकडे निघणार होते!"

पुन्हा तोच बोळ! मग तीच म्हणाली, "तू जागचा हलू नकोस. मी येते."

"तू... म्हणालीस?"

"हो, म्हणाले!"

दुसऱ्या दिवशी फलाटावर सगळे पळत होते. मधोमध एकच माणूस खांबासारखा उभा. तोच तो, हे तिला कुणी सांगायची गरजच पडली नाही.

पोरींनो, धावणाऱ्याचं कौतुक सगळेच करतात. पण तुमच्या भरवशावर कुणी जागचं न हलता थांबलं असेल, तर देवाचं नाव घेताना त्याचीही आठवण काढा.