गुडघ्याखालून आलेली कॉफी

फादर, दिवा जरा जवळ घ्या. वीज आता सकाळीच येईल. पापाची कबुली चर्चमध्ये द्यावी हे मला कळतं, पण तिथे चार म्हाताऱ्या कान टवकारून बसलेल्या असतात.

गेल्या पानगळीत मी घाटापलीकडच्या गावी निघालो होतो. राकी दारू गाळायच्या भांड्याचं झाकण उसनं आणलं होतं, ते परत करायचं होतं. भर दुपारी धुकं उतरलं. पायाखालची वाट दिसेना, नुसता ओढ्याचा आवाज आणि ओल्या लोकरीचा वास. एका दगडी घरासमोर थांबून रीतीप्रमाणे हाक दिली, “घरधनी, पाहुणा चालेल का?”

“अल्बानियन माणसाचं घर देवाचं आणि पाहुण्याचं!” आतून बाईचा आवाज आला.

द्राने तिचं नाव. सत्तरीची, एकटी. शेजारचे दोघे म्हातारे चुलीशी बसले होते.

“बस रे बाबा. हे दोघं काय, कॉफीचा वास आला की येतात, मांजरांसारखे!”

त्या दोघांना तिने हातात कप दिले. मग माझा कप घेऊन समोर आली, थांबली, डावा पाय उचलला आणि कप गुडघ्याखालून माझ्यापुढे केला.

तुम्ही इटलीत शिकलात, तुम्हाला ठाऊक नसेल. ज्याने आपल्याच पाहुण्याचा घात होऊ दिला, त्याला आमच्या डोंगरात अशी कॉफी देतात. त्यापेक्षा तोंडावर थुंकलेलं परवडतं.

“मी... मी नाही केलं,” द्राने पुटपुटली. “कुणीतरी माझं मनगट धरलं... गार हात होता...”

तिची बाही कोपरापर्यंत ओली होती.

तिने ती कॉफी ओतून टाकली, दुसरी केली. पुन्हा तसंच झालं. दोघे म्हातारे कप अर्धेच ठेवून उठून गेले.

“कुणाला दगा दिलास, बाबा?”

मी मान वर केली. भिंतीवर प्रेंदचा फोटो होता. तिचा भाऊ.

पंचवीस वर्षांपूर्वी, कम्युनिस्टांच्या राज्यात भिंतींना कान होते तेव्हा, तो देश सोडून सीमेकडे पळताना माझ्या दारी आला होता. मी त्याला मक्याची भाकरी आणि मीठ वाढलं. बेसा दिली, म्हणजे प्राण गेला तरी न मोडायचा शब्द. आणि पहाटे लाकडं आणतो म्हणून चौकीवर गेलो. माझ्या मुलाला कॉलेजात जागा हवी होती. शिपायांनी प्रेंदला ओढ्यात गाठून गोळ्या घातल्या. लोक खाल्ल्या मिठाला जागतात, मी वाढलेल्या मिठालाही जागलो नाही. मुलगा इंजिनियर झाला. त्याच्याकडे बघायची मला लाज वाटते.

“कुणालाच नाही,” मी द्रानेला म्हणालो. “तुझा हात म्हातारा झालाय.” आणि ती कॉफी गाळापर्यंत प्यायलो.

दाराशी तिने माझी माफी मागितली, फादर. तिने, माझी! पाहुण्याचा अपमान झाला म्हणून रडली बिचारी. मी तेव्हाही गप्प राहिलो. भावाची चुगली कुणी केली, हे ती अजून गावोगाव विचारत फिरते.

उद्या जाऊन सांगतो तिला. हो, उद्या नक्की. आज गुडघे दुखताहेत, आणि घाटात बर्फही असेल... परवा गेलो तरी काय बिघडतं?

घसा सुकला बघा. तो पाण्याचा ग्लास द्या जरा.

फादर... पाय का उचललात?

आणि तुमची बाही...